प्रवराकाठची खारवट जमीन

अहमदनगर (आताचा अहिल्यानगर) हा मूळचा अवर्षणाचा जिल्हा. त्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले ते पाटपाण्याने. अकोले तालुक्यातील भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले आणि ओझर बंधाऱ्यापासून निघणाऱ्या प्रवरेच्या डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, श्रीरामपूर, राहुरीच्या पट्ट्यात उसाची बागायत उभी केली. पुढे १९५० साली विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला. या कर्तबगारीचा इतिहास वारंवार लिहिला गेला. त्याच पाण्याने नासलेल्या जमिनींचा क्वचितच.

भारी काळ्या जमिनीत निचरा मंद असतो. उसाला भरमसाट पाणी दिले की भूजल वर चढते, मातीतील सूक्ष्म छिद्रांतून पृष्ठभागापर्यंत येते, उन्हाने उडून जाते आणि त्यात विरघळलेले क्षार मागे राहतात. उन्हाळ्यात वाफ्यांच्या वरंब्यांवर पांढरा थर दिसू लागला की शेतकरी म्हणतो, जमिनीला मीठ फुटले.

अशा शेतात ओल असूनही ऊस सुकतो, याचे कारण मुळाच्या पेशीपटलात आहे. हे पटल पाण्याला सहज वाट देते, विरघळलेल्या क्षारांना बरेचसे अडवते. म्हणून पाणी कमी क्षारांच्या बाजूकडून जास्त क्षारांच्या बाजूकडे आपसूक सरकते. या क्रियेला परासरण म्हणतात. तिच्यावर पेशी थेट ऊर्जा खर्च करत नाही, आणि नेमके हेच पिकाच्या मुळावर येते: मातीतील द्रावणच खारे झाले की पाण्याची ओढ मंदावते, प्रसंगी उलटते. पाण्याच्या वाटा असलेली पटलातील प्रथिने, म्हणजे ॲक्वापोरिन, पीटर ॲग्रे यांना सापडली आणि त्यासाठी त्यांना २००३ चे नोबेल मिळाले. पण या वाटाही पाण्याला उताराविरुद्ध चढवू शकत नाहीत. मातीच्या संपृक्त अर्काची विद्युतवाहकता मीटरला ४ डेसिसायमन झाली की जमीन खारवट धरतात. उसाचे उत्पादन मात्र साधारण १.७ च्या पुढेच घटू लागते, तर कापूस ७.७ पर्यंत तग धरतो. म्हणजे कालव्याखाली सर्वाधिक पाणी पिणारे पीकच क्षारांना हळवे निघाले.

हे संकट अनपेक्षित नव्हते. नीरा खोऱ्यातील खारवट जमिनींची पाहणी हॅरॉल्ड मॅन आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी १९१० सालीच प्रसिद्ध केली होती, म्हणजे भंडारदरा पुरे होण्याच्या सोळा वर्षे आधी. तरीही कालव्यांइतकी आस्था निचऱ्याच्या चरांना लाभली नाही. चोपण जमिनीत, म्हणजे जिथे मातीच्या कणांना सोडियम चिकटून ती घट्ट बसते तिथे, जिप्सममधील कॅल्शियम सोडियमची जागा घेते. पण सुटलेला सोडियम धुऊन जायला वाट लागते. तेव्हा चर आधी आणि जिप्सम नंतर. हा क्रम उलटला तर जिप्समवरचा खर्च वाया जातो.