ढिगाखालचा झरा

आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव ३० जुलै २०१४ च्या सकाळी चिखलाखाली गाडले गेले. नेहमीच्या जागी गावच दिसेना, म्हणून एस.टी.च्या चालकाने खबर दिली. १५१ माणसे दगावली. शाळेची इमारत तेवढी बचावली. जमीन सपाट केल्याने डोंगर सुटला की अतिवृष्टीने, यावर पुष्कळ वाद झाला. आपण मात्र निराळा प्रश्न विचारू : वर्षानुवर्षे उभा असलेला उतार एकाएकी वाहू कसा लागतो?

उत्तरासाठी वेल्समधील अ‍ॅबरफॅन या खाणगावाकडे जावे लागते. तेथे कोळशाच्या खाणीतील टाकाऊ माल डोंगरावर ओतत. सात नंबरचा ढीग १९५८ पासून चक्क झऱ्यांवर रचला गेला. ते झरे सरकारी नकाशांत दाखवलेले होते! खाली शाळा होती. नगरपालिकेच्या अभियंत्याने १९६३ मध्ये लेखी इशाराही दिला. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास ढीग सुटला. १४४ जण गेले; त्यांत ११६ मुले. चौकशी मंडळाने दोष राष्ट्रीय कोळसा मंडळावर ठेवला.

उतार टिकतो तो कण एकमेकांवर दाबले जाऊन घर्षण होते म्हणून. पोकळ्यांत पाणी कोंडले, की काही भार कणांऐवजी पाणी पेलते आणि पकड ढिली होते. कार्ल टेर्झागी यांनी १९२० च्या दशकात हा हिशेब मांडला. नुसता ओतलेला, न चोपलेला ढीग तर फारच सैल. तो हलला की कण जवळ बसू पाहतात, पाण्याला निसटायला वेळ मिळत नाही, बराचसा भार पाण्यावर येतो आणि ढीग द्रवासारखा वाहतो. हेच द्रवीभवन.

वर्गात बरणीत बारीक वाळू सैल ओतावी, पाणी वाळूच्या पातळीपर्यंत भरावे, वर एक जड गोटा ठेवावा. बरणीला बाजूने टिचकी मारताच गोटा आत रुततो. कोरड्या वाळूवर हाच प्रयोग करून फरक पाहावा.

माळीणला खाणीचा ढीग नव्हता. बेसाल्ट झिजून झालेली माती आणि मुरूम होता. तरी कोंडलेल्या पाण्याचा हिशेब तोच. जुन्नर-आंबेगावच्या शाळांतील मुलांनी वडीलधाऱ्यांना विचारून, पावसाळ्यात उतारावर कोठे कोठे झरे फुटतात ते गावाच्या नकाशावर मांडावे. यंदा नवा झरा फुटला असेल, वा जुना गढूळ झाला असेल, तर तो वेगळ्या रंगाने.