गेकोचे भाषण

ऑलिव्हर स्टोन यांचा 'वॉल स्ट्रीट' हा चित्रपट अमेरिकेत ११ डिसेंबर १९८७ रोजी प्रदर्शित झाला. त्याआधी दोन महिनेही झाले नव्हते, १९ ऑक्टोबरला डाऊ जोन्स निर्देशांक एकाच दिवसात ५०८ अंकांनी, म्हणजे २२.६ टक्क्यांनी कोसळला होता. आणि प्रदर्शनानंतर आठवड्याभराने, १८ डिसेंबरला, आयव्हन बोस्की या बड्या सट्टेबाजाला तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा सुनावली गेली. कलाकृती आणि इतिहास एकमेकांना इतके खेटून उभे राहिल्याची उदाहरणे थोडी. तरीही या चित्रपटाचे पुढे जे झाले ते दिग्दर्शकाच्या हेतूच्या अगदी उलट होते.

कथानक जुन्याच वळणाचे आहे. बड फॉक्स हा तरुण दलाल गॉर्डन गेको या धनाढ्याच्या नादी लागतो, कंपन्यांची आतली माहिती त्याला पुरवतो आणि शेवटी पोलिसांच्या हाती सापडतो. एका बाजूला गेको, दुसऱ्या बाजूला बडचे वडील. ते विमान कंपनीत मेकॅनिक आणि कामगारांचे पुढारी. मध्ययुगीन इंग्रजी नीतिनाट्यांत मानवाच्या दोन खांद्यांशी देवदूत आणि सैतान उभे असत, तीच ही मांडणी.

प्रश्न येतो तो भागधारकांच्या सभेतल्या गेकोच्या भाषणाचा. लोभ ही चांगली गोष्ट आहे, या आशयाचे त्यातले वाक्य जगभर गेले. त्याचे मूळ बाहेर होते. १८ मे १९८६ रोजी बर्कले येथील व्यवस्थापनशास्त्राच्या पदवीधरांसमोर बोस्कीने, लोभ निरोगी असतो, अशा अर्थाचे उद्गार काढले आणि सभागृहाने त्याला दाद दिली. त्याच्या सहाच दिवस आधी डेनिस लेव्हिन हा बँकर इनसायडर ट्रेडिंगच्या आरोपाखाली पकडला गेला होता. त्याच्याकडून मिळालेला धागा बोस्कीपर्यंत पोचला आणि नोव्हेंबरात बोस्कीने १० कोटी डॉलर भरण्याचे कबूल केले. शिवाय त्याने सरकारला साहाय्य करून आपली संभाषणे गुप्तपणे ध्वनिमुद्रित करू दिली. चित्रपटात अंगावर ध्वनिमुद्रक लपवून जातो तो बड. वास्तवात ते काम खलनायकाच्या मूळ प्रतिमेनेच केले!

पण त्या भाषणाचा प्रभाव केवळ या एका वाक्यात नाही. बारकाईने ऐकले तर गेको आधी व्यवस्थापनावर तुटून पडतो. तेहतीस उपाध्यक्ष, प्रत्येकाला दोन लाख डॉलरहून अधिक पगार, आणि कंपनीत स्वतःचे भांडवल जवळजवळ कुणाचेच नाही. हा आरोप निराधार नव्हता. १९८०च्या दशकात जंक बाँडच्या पैशावर कंपन्या गिळणारे लोक स्वतःला सामान्य भागधारकांचे कैवारी म्हणवीत, ते अशाच अर्धसत्याच्या बळावर. उरलेले अर्धे सत्य चित्रपट नंतर दाखवतो. ब्लूस्टार ही विमान कंपनी सावरण्याचे वचन देणाऱ्या गेकोला ती मोडून विकायची असते, आणि त्याचा डोळा असतो कामगारांच्या निवृत्तिनिधीतील शिलकीवर. दुर्दैव असे की या उत्तराच्या वाट्याला भाषणासारखी भाषा आलेली नाही. बडचे वडील सज्जन आहेत, पण त्यांचे एकही वाक्य लोकांच्या तोंडी बसले नाही.

आपल्याकडे 'एकच प्याला'मधला तळीराम आठवावा. नाटककाराचा कौल सुधाकर-सिंधूच्या शोकांतिकेकडे, प्रेक्षकांची हशा-टाळी मात्र तळीरामाला. मिल्टनच्या सैतानाविषयी समीक्षकांनी हाच वाद शतकानुशतके घातला आहे. मला वाटते, स्टोन यांची अडचण अधिक खासगी होती. त्यांचे वडील लुई स्टोन शेअर दलाल होते आणि चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे. म्हणूनच की काय, त्या व्यवसायाचा वेग, टेलिफोनवरची घाई, पहाटेचे सौदे यांकडे कॅमेरा निव्वळ तिरस्काराने पाहूच शकत नाही.

गेकोच्या भूमिकेसाठी मायकेल डग्लस यांना ऑस्कर मिळाले. पुढे वॉल स्ट्रीटवरचे तरुण भेटून, आपण गेकोला पाहूनच या धंद्यात आलो, असे त्यांना सांगत. त्यांनी ते मुलाखतींत नोंदवले आहे. २०१२ साली इनसायडर ट्रेडिंगविरुद्ध जनजागृतीसाठी एफबीआयने एक छोटी चित्रफीत तयार केली. तिच्यात स्वतः डग्लस पडद्यावर येऊन, तो चित्रपट काल्पनिक होता, गुन्हा मात्र खरा आहे, असे बजावताना दिसतात.