बालदंतसंगोपन

बालदंतसंगोपन : बाळाच्या हिरड्या, दुधाचे दात आणि त्यांच्या मागून येणारे कायमचे दात यांची गर्भावस्थेपासून किशोरवयापर्यंत घ्यावयाची काळजी. दंतवैद्यकात बालदंतशास्त्र ही यासाठीची स्वतंत्र पदव्युत्तर शाखा आहे. या विषयातील भारतीय तज्ज्ञांची संघटना १९७९ मध्ये स्थापन झाली. प्रस्तुत नोंदीत सर्वसाधारण माहितीबरोबर खानदेशातील, विशेषतः जळगाव तालुक्यातील असोदा व त्याच्यासारख्या गावांतील राहणीच्या संदर्भात या विषयाचा विचार केला आहे.

दातांची घडण व क्रम : दुधाच्या दातांचे अंकुर गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास धरतात आणि चौथ्या महिन्यापासून त्यांच्यात चुना भरू लागतो. त्यामुळे गरोदरपणातील आहार व आजारपण यांचा परिणाम बाळाच्या दातांच्या आवरणावर, म्हणजे दंतवल्कावर, होतो. कुपोषित मातांच्या मुलांत, तसेच कमी वजनाच्या व अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हे आवरण पातळ किंवा खडबडीत राहण्याचे प्रमाण अधिक असते. असे दात लवकर किडतात. टेट्रासायक्लीन वर्गातील प्रतिजैविके गरोदरपणात व आठ वर्षांखालील मुलांना सहसा देत नाहीत, कारण त्यांनी दातांवर कायमचे पिवळे-करडे डाग पडतात.

दुधाचे दात एकूण २०. खालचे मधले दोन दात साधारणतः ६ ते १० महिन्यांत, वरचे मधले ८ ते १२ महिन्यांत, पहिल्या दाढा १३ ते १९ महिन्यांत, सुळे १६ ते २३ महिन्यांत व दुसऱ्या दाढा २३ ते ३३ महिन्यांत उगवतात. यात दोन-चार महिन्यांचा मागेपुढेपणा चालतो. वर्ष-सव्वा वर्ष उलटूनही एकही दात आला नाही, तर दंतवैद्याला दाखवावे. सहाव्या वर्षापासून बारा-तेराव्या वर्षापर्यंत तोंडात दुधाचे व कायमचे असे मिश्र दात असतात. या काळात खालचा नवा दात जुन्याच्या मागे उगवून दुहेरी रांग दिसणे, तसेच वरच्या पुढच्या दोन दातांत फट राहणे हे बहुधा वाढीचाच भाग असते. वरचे सुळे उतरले की ही फट बऱ्याच मुलांत आपोआप मिटते.

दुधाच्या दातांचे महत्त्व : ‘पडणारच आहेत’ ही समजूत बालदंतसंगोपनातील सर्वांत मोठी अडचण होय. पुढचे दात सहा-सात वर्षांनी पडतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. चौथ्या वर्षी किडलेली दाढ म्हणूनच सहा-सात वर्षे मुलाला चघळू देत नाही, झोपू देत नाही आणि प्रसंगी गालावर सूज आणते. या दाढा चावण्याबरोबरच मागून येणाऱ्या दातांची जागा राखतात. त्या अकाली काढल्या तर शेजारचे दात सरकतात व कायमच्या दाताला वाट उरत नाही. वेड्यावाकड्या दातांचे एक प्रमुख कारण हेच आहे.

दात येण्याचा काळ : या दिवसांत लाळ गळणे, हिरडी सुजणे, हाती येईल ते चावणे, किरकिर करणे एवढे स्वाभाविक आहे. जास्त ताप व जुलाब दातांमुळे येत नाहीत. बाळ याच वयात रांगू लागते, जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते आणि त्यातून संसर्ग होतो. ‘दातांचे जुलाब आहेत’ म्हणून वाट पाहत बसल्याने बाळाच्या अंगातले पाणी कमी होण्याचा धोका असतो. अशा वेळी अंगावरचे दूध चालू ठेवून जलसंजीवनी द्यावी व डॉक्टरांना गाठावे. हिरडीला स्वच्छ धुतलेल्या बोटाने हलका दाब देणे किंवा थंड ओला कपडा चावायला देणे पुरेसे असते. बधिरता आणणारी मलमे हिरडीला लावू नयेत. मधाचे बोट चाटवणे एक वर्षापर्यंत टाळावे, कारण मधातील जंतुबीजांमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. बाळगुटी मधातून चाटवण्याच्या प्रथेलाही हेच लागू होते.

क्वचित एखादे बाळ दात घेऊनच जन्मते. ते अशुभ मानले जाते; वरचे दात आधी आले तर मामाला जड जाते, असाही समज महाराष्ट्रात आढळतो. जन्मतः दिसणारा दात बहुधा लवकर उगवलेला दुधाचाच दात असतो. तो फार हलत असेल किंवा दूध पिताना जखम करत असेल, तरच डॉक्टर काढतात. घरी दोरा बांधून ओढल्यास नवजात बाळाला न थांबणारा रक्तस्राव होऊ शकतो.

कीड कशी लागते : तोंडातील जंतू, मुख्यतः स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स, साखरेपासून आम्ल तयार करतात. दाताजवळचा सामू सुमारे ५.५ च्या खाली गेला की दंतवल्कातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हळूहळू ती भरून काढते. दर थोड्या वेळाने काहीतरी गोड तोंडात पडत राहिले, तर लाळेला ही सवड मिळत नाही. म्हणून साखर किती खाल्ली याइतकेच ती दिवसातून किती वेळा खाल्ली याला महत्त्व आहे. झोपेत लाळ कमी सुटते. दुधाची किंवा साखरपाण्याची बाटली तोंडात ठेवून झोपणाऱ्या मुलाचे वरचे पुढचे दात प्रथम किडतात, तर खालचे पुढचे दात जीभ व लाळ यांच्या आडोशाने बराच काळ वाचतात. बाळाचा घास आपल्या तोंडात घालून पाहणे, त्याचा चमचा चाटणे यांतून मोठ्यांच्या तोंडातील जंतू बाळाकडे जातात. आईच्या व आजीच्या दातांवर वेळीच उपचार करणे त्यामुळे बाळाच्याही फायद्याचे असते.

घरची तपासणी : बाळाचे डोके मांडीवर घेऊन उजेडाकडे तोंड करावे व अंगठ्याने वरचा ओठ अलगद वर उचलावा. हिरडीच्या कडेने दातावर खडूसारखी पांढरी, निस्तेज रेघ दिसली, तर ती किडीची पहिली खूण होय. बोटाने पुसून गेली तर ते दुधाचे किटण. पुसली गेली नाही तर खनिज विरघळू लागले आहे. या टप्प्यावर फ्लुओराइड व स्वच्छतेने दात सावरता येतो. रेघ तपकिरी होऊन खड्डा पडला की तो आपोआप भरत नाही. ही तपासणी महिन्यातून एकदा करावी.

स्वच्छता : दात येण्यापूर्वी दूध पाजल्यावर ओल्या मऊ फडक्याने हिरड्या पुसाव्यात. पहिला दात दिसताच लहान डोक्याचा मऊ ब्रश सुरू करावा. तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी व तीन ते सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी फ्लुओराइडयुक्त पेस्ट पुरते. टूथपेस्टमध्ये फ्लुओराइडचे प्रमाण साधारण १,००० पीपीएम असावे. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी असे दोनदा दात घासावेत. रात्रीचे घासणे अधिक महत्त्वाचे. घासून झाल्यावर फेस थुंकावा, पण भरपूर चुळा भरून पेस्ट पूर्ण धुऊन काढू नये. मूल सहा ते आठ वर्षांचे होईपर्यंत ब्रश मोठ्यांनी फिरवावा, कारण त्याआधी हाताला ती सफाई आलेली नसते. राखुंडी, विटेची पूड, मीठ-कोळसा यांनी दुधाच्या दातांचे पातळ दंतवल्क झिजते. कडुनिंब वा बाभळीची काडी मोठ्यांना चालली, तरी लहान मुलाच्या मागच्या दाढांपर्यंत ती पोचत नाही.

आहार : सहा महिने निव्वळ अंगावरचे दूध व पुढे दोन वर्षांपर्यंत वरच्या अन्नासोबत स्तनपान हे दातांनाही हितकारक असते. दात आल्यावर मात्र रात्रभर स्तन तोंडात ठेवून झोपण्याची सवय हळूहळू मोडावी. दोन वर्षांपर्यंत बाळाच्या खाण्यात वरून साखर किंवा गूळ घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये वरून घातलेली व रसांतील साखर एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, शक्यतो ५ टक्क्यांखाली ठेवण्याची शिफारस केली आहे. खानदेशात घरचा आहार मुळात दातांना पोषक आहे : ज्वारीची व कळण्याची भाकरी, डाळी, शेंगदाणे, भाज्या, ताक. खराबी होते ती मधल्या वेळच्या खाण्यातून. चहात बुडवलेली खारी, टोस्ट व बिस्किटे, पाच रुपयांच्या पुड्यातील कुरकुरीत पदार्थ, चिकट गोळ्या आणि वेफर्स यांचा लगदा दाढेच्या खाचेत तासन्‌तास बसतो. जळगावचे केळे अख्खे फळ म्हणून जेवणासोबत खाण्यास हरकत नाही. पण साखर घातलेले शिकरण रात्री झोपताना देणे व त्यावर दात न घासणे अपायकारक ठरते. गोड द्यायचेच असेल तर ते जेवणाबरोबर द्यावे.

खानदेशातील रूढी व स्थिती : असोदा हे गाव जळगाव शहराच्या जवळ असून बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे जन्मगाव व भरिताच्या वांग्यांसाठी परिचित आहे. शेतीच्या हंगामात आईबाप रानात व लेकरू आजीजवळ, ही या भागातील नित्याची रीत. त्यामुळे बाळाच्या तोंडाची निगा प्रत्यक्षात आजीच्या हाती असते आणि सल्ला तिच्यापर्यंत पोचला तरच उपयोगी पडतो. पडलेला दात धाब्यावर वा कौलावर फेकणे किंवा उंदराच्या बिळाशी टाकणे, ही निरुपद्रवी गंमत आहे. दाढ दुखताच भुईरिंगणीच्या बियांची धुरी घेऊन ‘किडे पाडण्याचा’ जुना उपाय मात्र फसवा आहे. निखाऱ्यावर बी तडकले की त्यातून पांढरा, अळीसारखा दिसणारा भाग बाहेर पडतो. तोच दातातला किडा म्हणून दाखवला जातो. दातात अळ्या नसतात. धुरीने वेदना काही वेळ बधिर झाली, तरी खड्डा वाढतच राहतो.

याहून घातक मशेरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड. घरातील बायका ती लावतात आणि मुले पाहून शिकतात. दंतमंजन व टूथपेस्टमध्ये तंबाखू घालण्यास भारतात १९९२ पासून बंदी आहे, महाराष्ट्रात गुटखाबंदी २०१२ मध्ये झाली आणि २००३ च्या कायद्यानुसार १८ वर्षांखालील व्यक्तीला तंबाखू विकणे तसेच शाळेपासून १०० यार्डांच्या आत ती विकणे गुन्हा आहे. घरी भाजलेली मशेरी या कोणत्याच तरतुदीच्या कचाट्यात येत नाही. ती घरच्यांनीच बंद करावी लागते.

फ्लुओराइड व पाणी : योग्य प्रमाणात फ्लुओराइड दात बळकट करते, अतिरेकाने दातांवर पांढरे-तपकिरी चट्टे पडतात. पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅम प्रतिलिटर ही भारतीय मानकाची स्वीकार्य व १.५ ही पर्यायी स्रोत नसतानाची कमाल मर्यादा आहे. यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांत विंधनविहिरींच्या पाण्यामुळे दंत-फ्लुओरोसिस आढळतो. बोअरचे पाणी पिणाऱ्या कुटुंबांनी ते एकदा तपासून घ्यावे.

सहा वर्षांची दाढ : सहाव्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे, एकही दात न पडता, पहिली कायमची दाढ उगवते. दात पडलेला नसल्याने ती दुधाचीच समजली जाते व दुर्लक्षित राहते. तिच्या खाचा खोल असतात. नऊ-दहा वर्षांपर्यंत ती पोखरली जाणे ही दवाखान्यात नेहमी दिसणारी गोष्ट आहे. ही दाढ पुन्हा येत नाही. ती पूर्ण वर येताच खाचा बुजवणारा लेप लावून घेणे हा सर्वांत स्वस्त बचाव होय.

उपचार व अपघात : पहिला दात आल्यापासून सहा महिन्यांत, किंवा उशिरात उशिरा पहिल्या वाढदिवसापर्यंत, दंतवैद्याची पहिली भेट व्हावी. फ्लुओराइड वार्निश, किडीचा वेग थांबवणारे पण दात काळा करणारे सिल्व्हर डायअमाइन फ्लुओराइड, सिमेंट भरणे, दुधाच्या दाताची मूळनलिका साफ करून त्यावर स्टीलची टोपी बसवणे आणि दाढ काढावी लागल्यास जागा राखणारी पट्टी बसवणे हे प्रमुख उपचार होत. अंगठा चोखण्याची सवय चार वर्षांपर्यंत बहुधा आपोआप सुटते. त्यापुढे टिकल्यास सल्ला घ्यावा. पडून कायमचा दात मुळासकट निखळल्यास तो मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरावा, दुधात बुडवून ठेवावा आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे न्यावा. तो पुन्हा बसवता येतो. दुधाचा निखळलेला दात पुन्हा बसवत नाहीत.

सार्वजनिक व्यवस्था : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ च्या अहवालानुसार जगातील सुमारे ५१.४ कोटी मुलांच्या दुधाच्या दातांना कीड आहे. भारतीय दंतपरिषदेच्या २००२-०३ च्या राष्ट्रीय पाहणीत पाच वर्षांच्या ५१.९ टक्के व बारा वर्षांच्या ५३.८ टक्के मुलांत दंतक्षय आढळला. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा व शाळेतील मुलांची एकदा तपासणी होते. तीत दातांचे विकार तसेच दुभंगलेले ओठ व टाळू यांचा समावेश आहे. राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रम २०१४-१५ पासून राबवला जातो. महाराष्ट्रात २०२३ मध्ये स्वच्छ मुख अभियान सुरू झाले व सचिन तेंडुलकर त्याचे सदिच्छादूत झाले. खानदेशात धुळे येथे दंत महाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांच्या बालदंतविभागांत खाजगी दवाखान्यांच्या मानाने कमी खर्चात उपचार होतात. असोद्याच्या मुलांना जिल्ह्याच्या ठिकाणची आरोग्यसेवा जवळ आहे, तरी बहुतेक पालक मूल दुखण्याने रात्रभर रडले म्हणजेच तिकडे वळतात. शाळेतील तपासणी कीड शोधून देते. ती लागू नये म्हणून रोज रात्री दोन मिनिटे ब्रश फिरवण्याचे काम आईबापांनी किंवा आजीआजोबांनीच केले पाहिजे.