पांढरा स्फुरद आणि तांबडा स्फुरद

मूलद्रव्यांची धातू आणि अधातू अशी वाटणी शाळेच्या पुस्तकात असते. आम्हांला मात्र ती एका कारखान्यातल्या वयस्क मिस्त्रींनी शिकविली. त्यांची कसोटी सोपी होती. हातोडी मारा, पसरला तर धातू, भुगा झाला तर अधातू. तांबे, शिसे, लोखंड पसरते. गंधकाचा खडा फुटतो. पुढे वाचनालयात बसू लागलो तेव्हा दुसरी कसोटी कळली. धातू जळून होणारी राख पाण्यात कालवली तर बहुधा चुन्याच्या निवळीचा गुण दाखविते. अधातू जळून होणारा धूर पाण्यात मुरला तर बहुधा आम्ल तयार होते. आज ज्या अधातूची हकीकत सांगावयाची आहे तो या दुसऱ्या कसोटीला पुरा उतरतो. हातोडीची कसोटी मात्र त्याच्यावर कोणी करू नये. हातोडीखालीच पेट घ्यावयाचा.

हा स्फुरद, म्हणजे फॉस्फरस. शेतकरी मंडळी नत्र, स्फुरद, पालाश म्हणतात त्यातलाच तो. पण खतात तो इतरांशी जखडलेला असतो. मोकळा स्फुरद प्रथम मिळाला तो १६६९ साली, हँबुर्ग शहरात, हेनिग ब्रांट नावाच्या किमयागाराला. गृहस्थ सोने शोधीत होता, आणि तेही मूत्र आटवून! सोने मिळाले नाही, अंधारात लकाकणारा मेणासारखा पदार्थ मिळाला.

हा झाला पांढरा स्फुरद. त्यात चार-चार अणू एकमेकांना इतके ताणून बांधलेले असतात की हवेतला प्राणवायू भेटताच ते सुटू पाहतात. तिशीच्या थोड्या वरच्या तापमानाला तो आपोआप पेटतो. म्हणून त्याला पाण्याखाली ठेवतात. (सोडियम धातूचे नेमके उलटे, तो पाण्याशीच भांडतो, म्हणून रॉकेलात बुडवून ठेवावा लागतो.) शिवाय पांढरा स्फुरद जहाल विष आहे. पण १८४० नंतरच्या दशकात व्हिएन्नाच्या श्रोटर या रसायनज्ञाने दाखवून दिले की, हवा लागू न देता हाच पदार्थ तापवीत राहिले तर त्याचा तांबडा स्फुरद होतो. मूलद्रव्य तेच, अणूही तेच. केवळ बांधणी बदलते, लांब साखळ्या होतात. तांबडा स्फुरद लकाकत नाही, वाफा सोडीत नाही, अडीचशे अंशांच्या आसपास गेल्याशिवाय पेटत नाही, आणि तो विषारीही नाही.

आता काडेपेटीकडे येऊ. १८३० नंतर युरोपात ज्या काड्या पसरल्या त्यांच्या गुलात पांढरा स्फुरद असे. भिंतीवर, जोड्यावर, कोठेही ओढा, पेटणार. लोकांना ही सोय फार आवडली. काडी बुडविणाऱ्याच्या नाकातोंडात मात्र वाफ जाई. किडका दात असला की जबड्याचे हाड सडू लागे. पू वाही, शेजारी बसवणार नाही अशी दुर्गंधी येई, आणि कित्येकदा जबडाच कापून काढावा लागे. १८४५ साली व्हिएन्नाच्याच लोरिन्झर या डॉक्टराने या रोगाची नोंद केली. उपायही फार दूर नव्हता. स्वीडनमध्ये लुंडस्ट्रोम बंधूंनी तांबडा स्फुरद काडीवर न लावता पेटीच्या पट्टीवर लावला, आणि १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात त्यांना बक्षीस मिळाले. आपल्या खिशातली काडेपेटी त्याच घराण्यातली आहे. त्याच साली लंडनच्या ब्रायंट अँड मे कंपनीने त्यांच्याकडून ब्रिटनपुरता हक्क विकत घेतला.

म्हणजे रोग ठाऊक, औषध ठाऊक, आणि औषधाचा हक्क मालकाच्या तिजोरीत! तरीही बो भागातल्या त्यांच्या कारखान्यात तांबड्याच्या जोडीला पांढराही चालूच राहिला, कारण तो स्वस्त पडे आणि गिऱ्हाईक मागे.

जून १८८८ मध्ये अ‍ॅनी बेझंटबाईंनी या कारखान्यावर एक लेख लिहिला. पुढे १८९३ साली हिंदुस्थानात आलेल्या आणि १९१७ साली काँग्रेसच्या अध्यक्ष झालेल्या त्याच या बाई. अल्प मजुरी, पाय मळके म्हणून दंड, बाकाखाली कचरा म्हणून दंड, आणि दुसरीकडे भागीदारांना वीस टक्क्यांवर नफा, असा तो सारा हिशेब होता. लेख खोटा आहे अशा कागदावर सह्या करा, असे व्यवस्थापनाने बजावले. मुलींनी नाकारले. जुलैच्या आरंभी एकीला काढले आणि सुमारे चौदाशे जणी बाहेर पडल्या. पुस्तकांतून या संपाचे श्रेय बेझंटबाईंना देण्याची चाल आहे. आमचे मत निराळे आहे. लेख बाईंचा, संप मुलींचा. बाईंनी माल घेऊ नका एवढेच सांगितले होते. संप फुटल्यावर मुलीच त्यांच्या कचेरीवर चालून गेल्या. मग मात्र बाईंनी निधी, सभा, पार्लमेंट सारे धावून केले.

दोन आठवड्यांत तडजोड झाली. दंड रद्द झाले, काढलेल्यांना परत घेतले, संघटना उभी राहिली. एक कलम आम्हांला विशेष वाटते: जेवायला वेगळी जागा. वाचणाऱ्याला ती किरकोळ सवलत वाटेल. आम्ही स्वतः अशी मागणी कितीदा लिहून दिली आहे, आणि कितीदा तिला हसणारे पाहिले आहेत. पण कामाच्या बाकावर पाव खाणे म्हणजे स्फुरद खाणे होते. मात्र पांढरा स्फुरद बंद करा, हे काही त्या तडजोडीत नव्हते. १८९१ साली साल्व्हेशन आर्मीने केवळ तांबड्या स्फुरदाचा कारखाना काढून हे जमते असे दाखविले, तरीही नाही. १८९८ साली जबड्याच्या रोगाच्या सतरा नोंदी दडविल्याबद्दल ब्रायंट अँड मे कंपनीला दंड झाला. रक्कम पंचवीस पौंड आणि काही शिलिंग. त्याच सुमारास फ्रान्समध्ये स्फुरद आणि गंधक यांचे एक संयुग पुढे आले. ते विषारी नव्हते आणि काडी कोठेही ओढली तरी पेटे. गिऱ्हाइकाची सोय राहिली, तेव्हा कोठे मालकांचा विरोध ढिला पडला. १९०१ मध्ये कंपनीने पांढरा स्फुरद सोडला. १९०६ साली बर्न येथे काही राष्ट्रांनी बंदीचा करार केला, ब्रिटनचा कायदा १९०८ साली झाला आणि १९१० पासून अमलात आला. हिंदुस्थानचा कायदा १९१३ चा.

बोचा तो कारखाना १९७९ साली बंद पडला. त्याच्या लाल विटांच्या इमारतीत आता राहती घरे आहेत, आणि २०२२ साली तेथे संपाच्या स्मरणार्थ निळी पाटी लावली गेली.