पायांतील रक्ताभिसरण-न्यूनता : भौतिकोपचार

पायांकडे रक्त नेणाऱ्या रोहिण्या (शुद्ध रक्ताच्या वाहिन्या) आतून मेद साचून अरुंद झाल्या, की चालताना पोटरीत पेटके येतात व थांबल्यावर ते ओसरतात. तंबाखू व मधुमेह ही याची प्रमुख कारणे होत. घोट्यातील रक्तदाबाचे दंडातील रक्तदाबाशी गुणोत्तर ०.९ वा त्याहून कमी आल्यास निदान होते. चालणे हाच मुख्य उपचार असून, वेदना बरीच वाढेपर्यंत चालावे, ती शमेपर्यंत थांबावे व पुन्हा चालावे, असा ३० ते ४५ मिनिटांचा क्रम आठवड्यातून ३ वेळा, किमान १२ आठवडे पाळल्यास वेदनेविना चालता येणारे अंतर वाढते. दुखते म्हणून बसून राहण्याचा सल्ला येथे अपायकारकच ठरतो. केज तालुक्यातील (जि. बीड) युसूफ वडगावसारख्या गावीही हा व्यायाम यंत्राविना, सपाट वाटेवर करता येतो, मात्र आधी तपासणी हवी, आणि त्यासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. बसल्या जागीही पाय दुखत असल्यास किंवा पावलावरील जखम भरत नसल्यास व्यायामाऐवजी तातडीने शल्यचिकित्सक गाठावा. गरम शेक व घट्ट पट्टी टाळावी.