धुळीचा आकडा कोणत्या काठीने मोजला?

१/ ‘पूर्वी हवा स्वच्छ होती’ असे आपण सहज म्हणतो. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र विचारावे : पूर्वी म्हणजे केव्हा, आणि ते मोजले कशाने? रत्नागिरीच्या हवेच्या निमित्ताने धूलिकणांच्या मापनाचा हा संक्षिप्त इतिहास.

२/ मापाचा प्रश्न आपल्याला नवा नाही. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांच्या जमीनमोजणीत पाच हात पाच मुठींची काठी प्रमाण मानली गेली. सारा मोजणीवर ठरणार, म्हणून आधी काठी एक करणे भाग होते. धुळीची काठी एक व्हायला मात्र फार काळ गेला.

३/ धूर-उपद्रवाविरुद्धचा कायदा बंगालात १९०५ मध्ये आणि मुंबईत १९१२ मध्ये झाला. त्या काळी जगभर प्रचलित असलेले साधन म्हणजे फ्रेंच प्राध्यापक मॅक्सिमिलियन रिंगेलमान यांचा १८८८ चा तक्ता. काळ्या रेघांच्या जाळ्यांशी चिमणीचा धूर ताडून शून्य ते पाच अशी श्रेणी द्यायची. आकाश ढगाळले किंवा पाहणारा बदलला, की श्रेणीही बदले.

४/ पुढे नजरेची जागा तराजूने घेतली. हाय-व्हॉल्यूम सँपलर गाळणीतून हवा ओढतो; गाळणीचे आधीचे व नंतरचे वजन घ्यायचे. पण त्यात सुमारे १०० मायक्रॉनपर्यंतची धूळ येई. जांभ्याची तांबडी माती आणि इंजिनाची काजळी एकाच आकड्यात मिसळत.

५/ भारताच्या १९८२ च्या मानकांत एकूण तरंगती धूळ होती. १९९४ मध्ये १० मायक्रॉनपर्यंतच्या कणांना स्वतंत्र स्थान मिळाले. नोव्हेंबर २००९ मध्ये एकूण धूळ वगळली गेली आणि पीएम २.५ आले. त्यामुळे १९८५ व २०१५ चे आकडे शेजारी मांडून प्रदूषण घटले वा वाढले असे म्हणता येत नाही. काठीच बदलली आहे.

६/ एकाच दिवशीच्या दोन आकड्यांचे काय? पीएम २.५ चा नेहमीचा सँपलर मिनिटाला १६.७ लिटर, म्हणजे २४ तासांत सुमारे २४ घनमीटर हवा ओढतो. २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. म्हणजे हवा नेमकी मर्यादेवर असली, तरी गाळणीवर जेमतेम १.४४ मिलिग्रॅम धूळ साचते.

७/ आता कोकणची दमट हवा ध्यानात घ्या. समुद्री मिठाचे कण पाणी शोषतात. ठरलेल्या तापमान-आर्द्रतेत पुरेशी न ठेवता गाळणी तोलली आणि ०.१ मिलिग्रॅम ओलावा राहिला, तर आकडा सुमारे ४ ने चढतो : ५८ चे ६२ होतात. उलट वाहतुकीत गाळणी तापली, तर अमोनियम नायट्रेट उडून आकडा उतरतो.

८/ म्हणून प्रयोगशाळांची परस्पर तुलना आवश्यक ठरते. हवा बाटलीत भरून सर्वांना वाटता येत नाही. त्यामुळे यंत्रेच एका जागी शेजारीशेजारी चालवतात. संदर्भमूल्यापासूनचे अंतर झेड-गुणांकात मांडतात : दोनच्या आत समाधानकारक, तीनपलीकडे असमाधानकारक. मात्र संदर्भमूल्य सहभागींच्या सरासरीवरून काढले आणि सगळेच एका दिशेने चुकले, तर ती चूक या गुणांकात दिसत नाही.

९/ हा वाद केवळ तांत्रिक नव्हे. जयगडच्या १२०० मेगावॉटच्या कोळसा-प्रकल्पाच्या वेळी आंब्याच्या बागांवरील परिणामाचा प्रश्न न्यायालयापर्यंत गेला. अशा वादात दोन्ही पक्ष आकडे मांडतात. ते एकाच पद्धतीचे नसतील, तर बागायतदाराची भीती सिद्धही होत नाही आणि खोटीही ठरत नाही.

१०/ बखर वाचताना आपण कर्ता, काळ आणि हेतू तपासतो. हवेच्या आकड्यालाही तीच शिस्त लावावी : कोणत्या आकाराचे कण, कोणते यंत्र, किती तासांची सरासरी, आणि त्या यंत्राची दुसऱ्याशी तुलना झाली होती का? जुन्या अहवालात ही नोंद सापडली, तर ती आकड्याइतकीच जपून उतरवून घ्या.