मनमाडला उतरा, 1938

सांगितलं होतं ना, डोकं खिडकीबाहेर काढू नका? आता चोळत बसा डोळा. इगतपुरीपर्यंत विजेचं इंजिन होतं, तोवर निभावलं. तिथं ते काढून वाफेचं जोडलं आणि तेव्हापासून कोळशाची कच डब्यात येतेय. पापणीत, कॉलरमध्ये, दाताखाली, सगळीकडे. तिसऱ्या वर्गाचा डबा आहे हा. तुमच्या उजव्या पायावर एका आजीबाईंचं गाठोडं आहे आणि मांडीवर कुणाचं तरी पोर बिनघोर झोपलंय. कुणाचं ते विचारू नका, उतरायच्या वेळी आई सापडेल. बाकाच्या फटीत ढेकूण आहेत, आणि वरच्या फळीवरच्या कुठल्याशा पुरचुंडीतून लसणाच्या चटणीचं तेल तुमच्या खांद्यावर ठिबकतंय.

"मनमाड! मनमाड!"

उतरा. पटकन. मागचे थांबणार नाहीत, ते तुमच्यावरून उतरतील.

फेब्रुवारीची पहाट आहे, वारा कानात शिरतोय. पण दोन पावलांवर इंजिन पाणी भरत उभं आहे आणि त्याची वाफ फुस्सकन तुमच्या पोटऱ्यांवर येते. वरून गारठा, खालून चटका. वास कसला येतोय? ओल्या कोळशाचा, वंगणाचा, विडीचा, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा. शिट्ट्या इतक्या वाजतात की माणसं एकमेकांशी बोलतच नाहीत, ओरडतात. तुम्हीही ओरडायला शिका, दोन दिवस इथंच काढायचेत. जरा उजाडलं की लांबवर अंकाई-टंकाईचा डोंगर दिसेल, आणि हडबीच्या शेंडीचा सुळका.

त्याआधी तिकडे बघा, पलीकडच्या धक्क्यावर. निजामाच्या मुलखातून, जालना-औरंगाबादकडून येणाऱ्या गाडीचे रूळ अरुंद आहेत, आपले रुंद. तिकडचा डबा इकडे येत नाही. म्हणून माल माणसांच्या पाठीवरून येतो. धान्याची पोती, तेलाचे डबे आणि कापसाच्या गाठी. एका गाठीवर हात ठेवून बघा. कापूस मऊ असतो हे विसरा. दाबून, पट्ट्यांनी आवळून तिचा दगड केलाय. वाहणाऱ्या हमालाच्या मानेवर घट्टा पडलाय आणि भुवयांना पांढरे तंतू चिकटलेत. यातल्या कितीतरी गाठी मुंबईच्या गिरण्यांत जातील. तिथं त्यांचं काय होतं, ते सांगणारा एक पोरगा तुमच्याच डब्यातून उतरलाय. त्याला सोडू नका.

तहान लागलीय? स्वाभाविक आहे, पण थांबा. फलाटावर पाणी एक नाही. हिंदू पाणी वेगळं, मुसलमान पाणी वेगळं. तुम्ही ओंजळ पुढे करता आणि पाणीवाला विचारतो, "कोण तुम्ही?" तुम्ही मोठ्या उत्साहानं 'भारतीय' म्हणता. तो हसतही नाही. तुमच्यासोबत उतरलेल्यांकडे एकवार बघतो आणि घागर उचलून पुढच्या डब्याकडे चालू लागतो. तुमची जात काय हे त्यानं विचारलं नाही. तुमची संगत पाहिली, तेवढं पुरलं.

"चला," तो पोरगा म्हणतो, "आपलं पाणी आपल्या माणसांनी आणलंय." कुणीतरी बैलगाडीवर घागरी आणल्यात. गढूळसर आहे, मातीचा वास येतो, पण देणारा हात वर नेऊन ओतत नाही, भांडं हातात देतो. प्या. मनमाडात पाणी तसंही तुटपुंजंच. पुढच्या ऐंशी-नव्वद वर्षांतही यात फार फरक पडणार नाही, पण ते इथं कुणाला बोलू नका.

आता तुमच्या कपड्यांचं बघू. वरचा जाडाभरडा सदरा मी दिला, तो ठीक आहे. पण आतला टी-शर्ट काढायला विसरलात. पाणी पिताना वाकलात आणि मानेवरची चिठ्ठी बाहेर आली. पोरानं ती धरली. तो मुंबईत डिलाईल रोडच्या चाळीत राहतो, दिवसा गिरणीत असतो, रात्री रात्रशाळेत. इंग्रजी अक्षरं त्याला नवीन आहेत, त्यामुळे दिसेल ते वाचतो. एकेक अक्षर लावत तो मोठ्यानं वाचतो, "मेड इन बांगला देश. म्हणजे कलकत्त्याकडचं?"

हो म्हणा.

"कुणी शिवलं?"

बोला की. दुकानाचं नाव आठवतंय, सवलत किती टक्के होती तेही आठवतंय. शिवणाऱ्याचं काहीच माहीत नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या विद्यापीठांतली मुलं नेमका हाच प्रश्न घेऊन कुलगुरूंच्या कचेऱ्यांत ठिय्या देऊन बसतील: आमच्या कॉलेजचं नाव छापलेले हे सदरे कुठल्या कारखान्यात, किती तासांत, किती पैशांत शिवले? आणि 2013 साली ढाक्याजवळ राणा प्लाझा कोसळेल, अकराशेहून जास्त माणसं ढिगाऱ्यात जातील, तेव्हा जगभर लोक आपापल्या कॉलरमागची चिठ्ठी वाचू लागतील. या पोरानं ती मनमाडच्या फलाटावर वाचली. तो कुणी द्रष्टा नाही हो. कापड दिसलं की त्यामागचा हात आठवतो, एवढंच. कारण त्याचे हात दिवसभर त्याच कामात असतात.

त्याला गिरणीबद्दल विचारा. भाकरी सोडता सोडता तो सांगेल. बाजरीची आहे, कालची आहे, कडक झालीय. सोबत ठेचा आणि मुठीनं फोडलेला कांदा. खा. तो रिंग खात्यात आहे, सूत कातायच्या. खिडक्या बंद, कारण वारा लागला की सूत तुटतं. हवा मुद्दाम दमट ठेवलेली. आत शिरलं की दहा मिनिटांत सदरा अंगाला चिकटतो, तंतू नाकात जातात, आणि यंत्रांच्या आवाजात शेजारच्याशी बोलायचं तर ओठ वाचावे लागतात. सुटी झाल्यावरही तासभर कानात घर्रर्र चालू. बारा महिने खोकला.

"मग साळखात्यात जा ना," तुम्ही म्हणता, कारण माग चालतात त्या खात्यात मजुरी जास्त असते हे तुम्ही कुठंतरी वाचलंय.

तो भाकरी खाली ठेवतो. तुमचा हात ओढून मुठीचा धोटा, म्हणजे मागाचं शटल, करतो आणि अंगठ्याजवळच्या फटीवर बोट ठेवतो. इथं बारीक भोक असतं. कांडीवरचं सूत संपलं की नवी कांडी घालायची, आणि दोऱ्याचं टोक त्या भोकातून बाहेर काढायला भोकाला तोंड लावून ओढून घ्यायचं. दिवसातून कितीतरी वेळा. एकाच धोट्याला आज हा तोंड लावतो, उद्या तो.

"आमचं तोंड चालत नाही," तो म्हणतो.

एवढंच. पुन्हा भाकरी उचलतो. अस्पृश्य माणसानं सूत कातलेलं चालतं, त्याच सुताचा सदरा घातलेला चालतो. त्याच्या ओठाला लागलेला दोरा चालत नाही. आणि अडवणारा मालक नव्हे, निदान आधी तरी नव्हे. अडवतो तो शेजारच्या मागावरचा कामगार, जो स्वतः त्याच मालकाच्या नावानं बोटं मोडतो. गंमत बघा, असं तोंडानं दोरा ओढणं रोगाला आमंत्रण आहे म्हणून अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं त्यावर 1911 सालीच बंदी घातली. इथं तो मान आहे, राखून ठेवलेला. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सुनावलं होतं की साळखात्याचं दार आम्हाला उघडा, हीही मागणी यादीत घाला. घातली, पण नाइलाजानं. दहा वर्षं झाली. पोरगा अजून रिंग खात्यात आहे.

आता चालायला लागा, ऊन चढतंय. मनमाडचं फेब्रुवारीचं ऊन फसवं असतं, सकाळी घोंगडी लागते आणि दुपारी डोक्याला ओलं फडकं. वाटेत रुळांच्या कडेनं चालणारे ते लोक बघा: खांद्याला पहार, पाय अनवाणी नाहीतर टायरच्या वहाणा, पिंढऱ्या खडीच्या धुळीनं पांढऱ्या. गँगमन. आज त्यांची परिषद आहे, जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची, आणि तिच्या जोडीला अस्पृश्य तरुणांचीही. 12 आणि 13 फेब्रुवारी. गावोगावहून, स्टेशना-स्टेशनांवरून सुमारे वीस हजार माणूस लोटलाय. एवढी माणसं एका वेळी चालू लागली की रस्ता दिसत नाही, धूळ दिसते. बायका कमी नाहीत. कडेवर पोर, डोक्यावर टोपलं, आणि टोपल्यात तीन वेळच्या भाकरी.

यातल्या पुष्कळांनी दोन-अडीच वर्षांपूर्वी इथूनच येवल्याची वाट धरली होती. 1935 च्या त्या परिषदेत साहेबांनी, म्हणजे आंबेडकरांनी, हिंदू म्हणून मरणार नाही असं सांगितलं, ते ऐकायला. काहीजण त्याआधी नाशिकला काळाराम मंदिराच्या दारात प्रवेश मागताना काठ्या खाऊन आलेत. तुम्ही सभेला नवखे असाल, ते नाहीत. कुठं बसायचं, पाणी कधी प्यायचं, टाळ्या कुठं वाजवायच्या, सगळं ठाऊक आहे.

मांडवात बसा. गर्दीचा ऊबट वास: घाम, तंबाखू, नवीन धुतलेल्या धोतराचा सोडा, बाळाचं दूध. पुढे पोरं बसलीत, शाळेतली, बोर्डिंगातली, रात्रशाळेतली. कुणाच्या खिशात पेन दिसलं तर समजा, घरातला पहिला शिकलेला. त्यांचं काम भाषण ऐकून संपत नाही. साहेबांच्या 'जनता' पत्राचा अंक गावी नेऊन पारावर नाही, आपल्या वस्तीत, कंदिलाशेजारी मोठ्यानं वाचून दाखवायचा. ज्यांच्यासाठी छापलंय त्यांना वाचता येत नाही, ही अडचण पोरांनी आवाजानं भागवलीय. माझ्या मते चळवळीचा निम्मा भार या घसा बसलेल्या पोरांनी ओढला, पण सभेच्या बातमीत त्यांची नावं येत नाहीत.

साहेब उभे राहिले. आवाज मागेपर्यंत पोचतो न पोचतो तोच इंजिन शिटी मारतं, वीस हजार माणसं थांबतात, मग पुन्हा सुरू. मागच्या रांगांना पुढची रांग वाक्य सांगते. त्यामुळे तुमच्यापर्यंत प्रत्येक वाक्य दोनदा येतं, दुसऱ्यांदा नाशिकच्या बोलीत. कामगारांचे शत्रू दोन, भांडवलशाही आणि ब्राह्मणशाही. आणि ब्राह्मणशाही म्हणजे केवळ एक जात नव्हे, समतेला नाही म्हणणारी वृत्ती, ती ब्राह्मणेतरांतही मुरलेली. मग ते गँगमनच्या आयुष्यावर येतात आणि मांडव गप्प होतो. हा माणूस गँगमन म्हणून लागतो, गँगमन म्हणूनच निवृत्त होतो. पोर्टरसुद्धा होऊ शकत नाही, कारण पोर्टरला स्टेशन मास्तरच्या घरचं काम करावं लागतं, आणि त्या घरात याला प्रवेश नाही. कारखान्यात फिटर, मेकॅनिक क्वचितच. मिस्त्री, फोरमन तर नाहीच. गिरणीतही तीच कथा. तुमच्या शेजारचा पोरगा तुमच्या बरगडीत कोपर मारतो: बघ, माझं खातं आलं.

तरुणांपुढे मात्र साहेबांचा सूर वेगळा. कौतुक कमी, कान उपटणं जास्त. शिक्षण दुधारी आहे, शीलाशिवाय ते हातात घेतलं तर शिकलेला माणूस अडाण्यापेक्षा धोक्याचा, असं काहीसं. पोरं माना खाली घालून ऐकतात. एक-दोघं वहीत लिहून घेतात. तुमच्या ओळखीचा पोरगा लिहीत नाही, तो दिवसपाळी करून गाडीत बसला होता. तो बसल्या बसल्या झोपलाय. झोपू द्या.

संध्याकाळी मोकळे व्हाल असं वाटलं होतं? तुम्हाला लिहिता येतं हे फुटलंय. सदऱ्याखालच्या चिठ्ठीवरून पोरानं अंदाज केला असणार. तुम्हाला एका कंदिलाखाली बसवलंय, पुढ्यात दौत, टाक आणि रेघा मारलेले कागद. डास चावतायत, रॉकेलचा धूर डोळ्यात जातोय, सकाळची कच अजून गेलेली नाही. समोर एक म्हातारा गँगमन उकिडवा बसलाय. हाताचे पंजे एवढे राठ की कागद धरताना खरखर वाजतो.

"कुणाला लिहू, बाबा?"

"लोको शेडच्या सायबाला. लिही, माझा पोरगा सातवी फायनल पास हाये."

"बरं. आणि?"

"फिटरच्या हाताखाली घ्या म्हनावं. पहार नको आता घरात."

तुम्ही लिहिता. इंग्रजीत लिहिता, म्हणून तो मराठीत वाचून दाखवायला लावतो. डोळे मिटून ऐकतो. पुरं झाल्यावर अंगठ्याला शाई लावून घेतो, कागदाजवळ नेतो आणि थांबतो.

"फायनल पास दोनदा लिही," म्हणतो. "एकदाचं ते वाचत नाहीत."

लिहा. मागं रांग आहे.